सातवीतल्या पोरीला कॉलेज दाखवायला उचल कशाला?

पत्र थोडक्यात असं: "मॅडम, मी कोथरूडमध्ये चार घरी पोळ्या करते, मिस्टर वॉचमन आहेत. मुलगी महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे, हुशार आहे. वस्तीतल्या क्लासवाल्यांनी मुंबईचं आयआयटी दाखवायला सहल काढलीय, ४,५०० रुपये, सर्टिफिकेट पण देणार, त्याचा पुढे ॲडमिशनला उपयोग होतो म्हणाले. मी कामावरून उचल घेणार आहे. पण मुलगी म्हणते मला जायचंच नाही. तिचे पप्पा चिडलेत, एवढे पैसे घालतोय तर इंजिनिअर व्हायलाच पाहिजे म्हणतात. तिला कसं समजवू?"

ताई, तिला काही समजवू नका, समजवायचं असेल तर तिच्या पप्पांना समजवा.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्यांच्या त्या वाक्यापाशीच थांबले. पोर बारा वर्षांची आहे, तिच्यासमोर तुम्ही उचल घ्यायचं बोललात, पप्पांनी त्याला इंजिनिअर जोडलं, आता तिच्या डोक्यात हिशोब सुरू झालाय की आई किती दिवस पोळ्या लाटणार आणि ते फेडायला मला काय काय व्हावं लागणार. अशी मुलं "जायचं नाही" म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांना जायचं असतं हो, फक्त घरावर खर्च नको असतो. तिला रात्री जवळ घेऊन विचारा, पैसे लागले नसते तर गेली असतीस का? पप्पा ड्यूटीवर असताना विचारा.

तिच्या पप्पांवर माझा राग नाही, रात्रभर गेटवर बसणाऱ्या माणसाला पोरीनं आत खुर्चीवर बसावं असं वाटणारच. पण ४,५०० रुपयांच्या बदल्यात सातवीतच तिचं आयुष्य लिहून घेणं मला अजिबात पटत नाही.

आता ते सर्टिफिकेट. आयआयटीला बीटेकचा प्रवेश जेईई मेन आणि मग जेईई ॲडव्हान्स्ड, त्यातल्या रँकवर होतो, राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना सीईटी असते, आणि यातल्या कुठल्याच फॉर्मवर "सातवीत कॅम्पस बघितला होता का" असा रकाना नसतो. तो कागद घरात लावायला ठीक, बाकी उपयोग शून्य. अमेरिकेत काही कॉलेजं मुलगा कॅम्पस बघून गेला का याची नोंद ठेवतात हे खरं आहे, पण तिथंच गरीब घरच्या मुलांसाठी गिअर अप नावाची सरकारी योजना आहे, १९९८ साली कायदा झाला, सातवीपासूनच मुलांना धरतात आणि कॉलेज दाखवायला न्यायचा खर्च त्या निधीतून होतो. आपल्याकडे क्लासवाल्यांनी कल्पना तीच घेतली आणि खर्च आईवर टाकला, मला हे सरळ चुकीचं वाटतं.

कॉलेज दाखवू नका असं मात्र मी म्हणत नाहीये, उलट सातवी हे फार छान वय आहे. मागे मी महापालिकेच्या शाळेतल्या काही मुलींना एका सरकारी कॉलेजात घेऊन गेले होते. मोठी बिल्डिंग बघून सगळ्या गप्प, एक तर लॅबच्या दारात चपला काढून उभी राहिली. कँटीनमध्ये तिनंच फर्स्ट इयरच्या एका मुलीला विचारलं, ताई तुझे पप्पा काय करतात? ती म्हणाली, मार्केटयार्डात हमाल आहेत. त्यानंतर ही पोर जी बोलायला लागली ती बसमध्ये बसेपर्यंत थांबली नाही, फी किती, हॉस्टेलला जेवण कसं असतं, इंग्रजी नाही आलं तर काय करायचं. तिला बिल्डिंग नको होती, आपल्यासारखं कुणीतरी आत बसलेलं बघायचं होतं.

आणि त्यासाठी मुंबई कशाला? पुण्यातच शिवाजीनगरला १८५४ पासूनचं सीओईपी हे इंजिनिअरिंगचं कॉलेज आहे, जवळच कृषी महाविद्यालय आहे, एफसी रोडला १८८५ चं फर्ग्युसन, औंधला आयटीआय (ते पण दाखवा, ते कमी नाही). विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथं दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं असतात आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा कार्यक्रम असतो, शाळेतून आधी चौकशी करा. तुमच्या वस्तीतली कुणी मुलगी कॉलेजला जात असेल तर तिलाच म्हणा, एक दिवस हिला बरोबर ने. पीएमपीएमएलच्या बसच्या तिकिटात काम होतं.

सगळ्या वर्गाला न्यायचं असेल तर शाळेला बोला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, तुम्ही तिथं उभं राहून मागू शकता. राष्ट्रीय आविष्कार अभियान २०१५ पासून आहे, शाळेच्या मुलांना उच्च शिक्षणाच्या संस्थांशी जोडणं हा त्याचा भागच आहे, मुख्याध्यापकांना त्याबद्दल विचारा. गणेश मंडळाला एका बसचे पैसे मागा. कुठली कंपनी पैसे देते म्हणाली तर टी-शर्ट टोप्या नको म्हणा, बस, जेवण आणि बरोबर येणाऱ्या आईची त्या दिवसाची बुडालेली मजुरी मागा. मजुरीचं कुणी धरतच नाही, म्हणून आया येत नाहीत, आणि मग पोरगी घरी येऊन काय सांगतेय ते घरात कुणाला कळतच नाही.

उचल घ्यायचं तर राहूच द्या. त्यापेक्षा आठवीतल्या एनएमएमएस या सरकारी शिष्यवृत्तीच्या परीक्षेकडे बघा, सातवीत किमान ५५ टक्के (एससी-एसटीला ५० टक्के) आणि घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. ती चौकशी याच वर्षी करा.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा पप्पांना पण न्या, सुट्टीच्या दिवशी, नाइट करून आल्यावर नको. फक्त त्यांना आधीच सांगून ठेवा, घरी आल्यावर "मग काय ठरवलंस" असं तिला विचारायचं नाही. काय आवडलं एवढंच विचारा. कँटीनमधला वडापाव म्हणाली तरी चालेल.