पॉवर ॲम्प्लिफायरवर इनपुट ४७ किलोओम, सेन्सिटिव्हिटी १ व्होल्ट लिहिलंय. गावात घरी ऐकायला प्रीॲम्प कोणता घेऊ?

प्रीॲम्प म्हणजे पॉवर ॲम्पच्या आधी बसणारा, सिग्नल तयार करून देणारा भाग. ज्याचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या सिग्नलला होणारा आतला अडथळा) साडेचार किलोओमच्या आत आहे आणि जो १ व्होल्ट (पॉवर ॲम्प पूर्ण ताकदीने चालायला लागणारा सिग्नल) सहज देतो, असा साधा ऑप-ॲम्पचा (ॲम्प्लिफायर चिपचा) प्रीॲम्प घ्या. पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पिडन्स (तुमचा ४७ किलोओम) त्याच्या दहापट तरी हवा. नाहीतर आवाज उतरतो, आणि व्हॉल्व्हच्या (काचेच्या जुन्या नळ्यांच्या) प्रीॲम्पमध्ये सिग्नलच्या वाटेतल्या कपलिंग कपॅसिटरमुळे तबल्याचा डग्गाच आधी हरवतो. यवतमाळकडच्या खेड्यांत ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, त्यावरून सांगतो: वॅट जुळवत बसू नका. रब्बीत मोटरपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, म्हणून प्रीॲम्पचा पॉवर सप्लाय रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर ठेवणारा) आहे ना, हे मात्र विचाराच. फक्त सीडी प्लेअर लावणार असाल तर त्यातूनच साधारण २ व्होल्ट येतात. मग प्रीॲम्पऐवजी १० किलोओमचा व्हॉल्यूम कंट्रोल आणि मीटरभर केबल पुरते.