वाचक विचारतात: मुलगा म्हणतो, आता मतच देणार नाही

प्रश्न: नमस्कार. मी म्हापशाची, बँकेतून रिटायर झालेली. मुलगा बरीच वर्षं बॉस्टनला आहे, आता तिथला सिटिझन झालाय. पहिल्यापासून डेमोक्रॅटवाला, पण हल्ली फोनवर नुसती चिडचिड, म्हणतो हा पक्ष कामगारांचा राहिला नाही, कंपन्यांचा झाला, ह्यापुढे मतच देणार नाही. आपल्याकडे आमदार उड्या मारतात तसंच काही झालंय का तिथं? आणि मी त्याला काय सांगू?
एक आई, म्हापसा

उत्तर: काकी, उड्यांचं म्हणाल तर तिथं उलटं आहे. आपल्याकडे गोव्यात २०१९च्या जुलैत काँग्रेसचे १० आमदार भाजपात गेले, मग २०२२ला उमेदवारांना देवळात, खुरसाकडे, दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या आणि सप्टेंबर उजाडला तसे परत ८ गेले. म्हणजे माणसं गेली, पाटी राहिली. तिथं माणसं त्याच पाटीखाली बसून आहेत, आतला माल तेवढा बदलला.

मुलाचा राग खोटा नाही. पण तो समजतो तसं हे कालपरवाचं नाही, चाळीस वर्षं चाललंय. १९८१पासून काही वर्षं डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधीगृहाच्या (तिथली लोकसभाच म्हणा) निवडणुकांसाठी पैसा उभा करायचं काम टोनी कोएल्यो नावाच्या माणसाकडे होतं (आडनाव वाचून गोंयकार वाटला ना? नाही हो, पोर्तुगीज वंशाचा, पण कॅलिफोर्नियातल्या डेअरीवाल्या घरातला). त्याचं म्हणणं साधं होतं, सभागृहात बहुमत आमचं, बिलं आमच्याच कमिट्यांतून जाणार, तर धंदेवाल्यांनी देणगी आम्हालाही द्यायला हवी. आणि धंदेवाल्यांनी दिली की!

आता इथं थोडं पक्षाच्या बाजूनेही बघूया, कारण नुसतं गद्दार म्हणून शिव्या घालणं सोपं असतं. १९८४ला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगनने ५०पैकी ४९ राज्यं जिंकली, पक्ष खरंच मार खात होता. आणि युनियन आटत चालल्या होत्या, १९८३मध्ये पाच नोकरदारांतला एक युनियनचा मेंबर होता, आता दहातला एक. युनियन पैसाही द्यायची आणि दारोदार फिरायला माणसंही द्यायची, कंपनी फक्त चेक देते, आणि दारोदार फिरणारा माणूस गेला की वाड्यावर काय चाललंय ते पक्षाला कळायचंच बंद होतं. मला विचाराल तर खरं नुकसान तिथं झालं, पैसा नंतर.

मग १९८५ला पक्षातल्याच लोकांनी एक कौन्सिल काढली, पक्षाला मध्यावर आणायचं म्हणून. बिल क्लिंटन तिचा अध्यक्ष होता, तिथून तो राष्ट्राध्यक्ष झाला. नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतला खुल्या व्यापाराचा करार, त्याने रेटून पास करून घेतला तेव्हा प्रतिनिधीगृहात त्याच्याच पक्षाचे १५६ जण विरोधात गेले होते, बाजूने १०२. बँका आणि शेअरबाजाराचा धंदा वेगळा ठेवणारी १९३३पासूनची भिंत १९९९ला पाडली, त्या कायद्यावर सही पण त्याचीच. आणि गंमत बघा, ज्या बहुमताच्या जोरावर देणग्या मागितल्या ते ४० वर्षांचं बहुमत १९९४लाच गेलं, देणग्यांची सवय मात्र गेली नाही.

तुमच्या मुलाला मी उपदेश करणार नाही, एकच गोष्ट विचारा, शेवटचं प्रायमरीत मत कधी दिलं होतंस? आपल्याकडे तिकीट दिल्लीहून येतं, आपण पेपरात वाचतो. तिथं पक्षाचा उमेदवार ह्या प्रायमरीत लोक मत देऊन ठरवतात आणि त्याला फार कमी लोक जातात. २०१८ला न्यूयॉर्कमध्ये अशाच प्रायमरीत ओकासिओ-कोर्टेझ ह्या २८ वर्षांच्या मुलीने, आधी बारमध्ये काम करायची ती, पक्षाच्या बड्या पुढाऱ्याला जवळपास ४ हजार मतांनी पाडलं. एकूण मतं पडली ३० हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्या म्हापसा-शिवोली सारख्या एका मतदारसंघात जेवढे मतदार असतात साधारण तेवढी, आणि त्या मतदारसंघाची वस्ती काही लाखांची! त्याच शहरात अजून एक सोय आहे, रहिवाशाने छोटी देणगी दिली की शहर त्यावर आठपट घालतं, १० डॉलर दिले की उमेदवाराला ९० मिळतात, पण त्याला अटी आहेत, उमेदवाराने खर्चाची मर्यादा पाळायची ही त्यातली एक. २०२५ला ममदानी तिथला महापौर म्हणून निवडून आला तो ह्या योजनेचे पैसे घेऊनच.

बॉस्टनला ती देणगीची सोय असेलच असं समजू नका. पण मॅसॅच्युसेट्समध्ये कुठल्याच पक्षात नाव न नोंदवलेला माणूससुद्धा प्रायमरीत मत देऊ शकतो, डेमोक्रॅटांच्या किंवा रिपब्लिकनांच्या, एकीकडेच. तेव्हा पक्षावर रागावून नाव काढून टाकलं असेल तरी बिघडलं नाही, जा म्हणावं. आणि पुढच्या फोनवर काय म्हणाला ते मला कळवा.