मुंजाचं पुस्तक आणि बारावीचं वर्ष

प्रश्न: आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. मुलगी 17 वर्षांची आहे, बारावी कॉमर्सला. जुन्या वाड्यांतल्या भुतांची चित्रं काढून ती इन्स्टाग्रामवर टाकते आणि ती आवडीनं बघणारे काही हजार लोक झाले आहेत. आता पुण्याच्या एका प्रकाशकानं तिला लहान मुलांच्या एका भयकथेची चित्रं काढायला विचारलं आहे. गोष्ट एका लेखिकेची आहे, पिंपळावरच्या मुंजाची, आणि पुस्तक 32 पानांचं. ई-मेलवर होकार झाला, करार अजून आलेला नाही. ‘एकरकमी पैसे देऊ, सर्व हक्क आमचे’ एवढंच कळवलं आहे. मुलीला ही बातमी आजच सगळ्यांना सांगायची आहे. तिचे बाबा म्हणतात, भुतं काढून पोट भरत नाही, बारावी मात्र बुडेल. सासूबाईंना वाटतं, लेकरांच्या पुस्तकात असलं अभद्र काढू नये. मी तिला थांबवू का? – एक आई, वडोदरा

ताई, सप्रेम नमस्कार.

थांबवू नका. पण आज सांगूही देऊ नका. मधे एक काम उरलं आहे, ते म्हणजे करार. तो झाला की तिनं मनमोकळेपणानं सांगावं, तुम्हीही नातेवाइकांना कळवावं. सतराव्या वर्षी एका अनोळखी संपादकानं चित्रं बघून काम देणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्या आनंदाला घरातून साथ मिळायला हवी. ते काम आहे हे मात्र तिला आत्तापासून कळलं पाहिजे.

करारापासून सुरू करते, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ ‘सर्व हक्क आमचे’ ही आहे. मुलगी 18 पूर्ण नाही. आपल्या करार कायद्यानुसार अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीनं स्वतः केलेला करार कायद्यापुढे टिकत नाही, म्हणून पालक या नात्यानं तुमची किंवा तिच्या बाबांची सही लागेल. सहीआधी मसुदा एखाद्या वकिलाला दाखवा. एका बैठकीचं काम आहे, त्यात कंजुषी करू नका.

कॉपीराइटचा 1957 चा कायदा साधारणपणे चित्रकाराला आपल्या चित्राचा पहिला मालक मानतो. पण त्यात एक मेख आहे. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या पेंटिंगच्या बाबतीत, उलट काही ठरलेलं नसेल तर काम देणाराच पहिला मालक ठरू शकतो. म्हणून ‘बघू पुढे’ असं म्हणून चालत नाही, जे ठरेल ते लिहूनच घ्यायचं. हक्क द्यायचेच असतील तर कोणते, किती वर्षांसाठी, कोणत्या भाषांसाठी, कुठे, हे स्पष्ट हवं. मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती 5 वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. ‘सर्व हक्क, कायमचे’ असं लिहून दिलं, तर उद्या हाच मुंजा मुलांच्या टी-शर्टवर किंवा अॅनिमेशनमध्ये आला तरी तिला एक पैसा मिळणार नाही. आणि चित्रावरचा हक्क तिच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं चालतो, इतक्या लांबची ही गोष्ट आहे.

तर प्रकाशकाला नम्रपणे लिहा: हक्क पुस्तकापुरते, मराठी आवृत्तीसाठी. इंग्रजी किंवा गुजराती आवृत्ती निघाली तर वेगळा मोबदला. पुस्तक सोडून इतर वापर विचारल्याशिवाय नाही. मूळ चित्रं परत. नाव मुखपृष्ठावर, लेखिकेच्या नावासोबत. बदल किती वेळा करून द्यायचे तेही लिहून घ्या, नाहीतर एकेक पान सात-सात वेळा काढावं लागतं. पैसे हप्त्यांत मागा: सही झाल्यावर काही, कच्ची रेखाटनं मंजूर झाल्यावर काही, बाकी अंतिम चित्रं दिल्यावर. प्रकाशक सगळंच मान्य करेल असं नाही. पहिल्या पुस्तकात थोडं सोडावं लागतं, आणि माझ्या मते सोडायचंच तर रकमेत सोडा, नावात आणि हक्कांत सोडू नका.

आता बातमीचं. प्रकाशकाला तिनं आधी विचारावं: आधी तुम्ही जाहीर करणार की मी? कोणत्या तारखेपासून बोलू? काय दाखवू? पुष्कळ प्रकाशकांना मुखपृष्ठ आपण आधी दाखवायचं असतं. लेखिकेलाही आधी कळलं पाहिजे, हे नवे चित्रकार हमखास विसरतात. गोष्ट तिची आहे. आपल्या पुस्तकाची बातमी दुसऱ्याच्या पोस्टवरून कळावी हे कोणत्याच लेखिकेला आवडणार नाही.

काय दाखवायचं याबद्दल मी थोडी हट्टी आहे. भीतीच्या पुस्तकात पान उलटणं हीच खरी जागा असते. डाव्या-उजव्या पानांवर गोष्टीतली मुलगी अंधाऱ्या जिन्याकडे बघते आणि पान उलटल्यावर काय दिसतं, तिथे सगळी गंमत. मुंजाचा चेहरा आधीच फोनवर दिसला तर ते पान मेलं. तेव्हा चेहरा दाखवायचा नाही, शेवट दाखवायचा नाही, पूर्ण जोडपान दाखवायचं नाही. पिंपळाची सावली, वहीतली पेन्सिलची कच्ची रेघ, बाद झालेलं एखादं रेखाटन, एवढं पुरे. लोकांना प्रक्रिया बघायला खरंच आवडते. चित्र टाकताना छोट्या आकाराची प्रत टाकावी आणि सही कोपऱ्यात न करता चित्राच्या आतच करावी, म्हणजे कापून काढता येत नाही.

प्रकाशनाची तारीख सांगू नये. छपाई पुढे जाते, बांधणी अडकते, आणि चाहते रोज विचारत राहतात. किंमत आणि नोंदणीचं नंतर, प्रत्यक्ष नोंदणी सुरू होईल तेव्हा. साधारण असं लिहिलं तरी छान होईल:

“एक आनंदाची बातमी! मी माझ्या पहिल्या पुस्तकाची चित्रं काढते आहे. लहान मुलांसाठीची थोडीशी भीतीदायक गोष्ट आहे. तिच्यात एक पिंपळ आहे, एक वाडा आहे आणि रात्री न झोपणारी एक मुलगी आहे. बाकी काही सांगणार नाही. गोष्ट कुणी लिहिली आणि पुस्तक कोण काढतंय हे खाली दिलं आहे. तुम्ही इतके दिवस माझी भुतं प्रेमानं पाहिलीत, म्हणून सगळ्यांत आधी तुम्हाला सांगतेय.”

आई म्हणून तुम्ही एक बघा. ती जुन्या वाड्यांची चित्रं काढते, त्यात तुमचं घरही ओळखू येऊ शकतं. बातमीसोबत घराचा फोटो, गल्लीचं नाव, फोन नंबर काहीही जाऊ देऊ नका. कामासाठी वेगळा ई-मेल काढा आणि त्याचा पासवर्ड तुमच्याकडेही असू दे. बातमी फुटली की फुकट चित्र मागणारे येतील, ‘आम्हीही तुझं पुस्तक काढतो, आधी एवढे पैसे भर’ म्हणणारेही येतील. चित्रकाराकडूनच पैसे मागतो तो प्रकाशक नव्हे, एवढं तिला पक्कं सांगा.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. लहान मुलांना काय दाखवावं याचा त्यांना अनुभव आहे. पण मुंजा, चकवा, वेताळ हे आपल्याकडे आज्यांच्या तोंडूनच नातवंडांपर्यंत आले. मुंज झालेला, पण सोडमुंज न होताच गेलेला मुलगा पिंपळावर राहतो ही समजूत त्यांनाही ठाऊक असेल. तो मुळात एक लहान मूल आहे, म्हणूनच तो मुलांच्या पुस्तकात शोभतो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते ही गोष्ट मी सहा वर्षांच्या मुलासमोर ठेवणार नाही. मुलीनं आजीजवळ बसून विचारावं, तुम्हाला लहानपणी कोण सांगायचं, कशाची भीती वाटायची, दिवा कुठे असायचा. तो दिवा चित्रात आला पाहिजे. या वयाच्या पुस्तकात प्रत्येक जोडपानावर मुलाला धरून ठेवायला काहीतरी असावं: कंदील, मांजर, उघडी खिडकी, झोपलेल्या आईचा हात. नुसता काळोख असला तर मूल पुस्तक मिटून टाकतं.

काळोखाची एक तांत्रिक बाजूही आहे. स्क्रीन आतून उजळते, कागद उजळत नाही. फोनवर सुरेख दिसणारा गडद निळा-जांभळा चार शाईंच्या छपाईत गढूळ काळा होतो आणि सावलीतले तपशील त्यातच बुडतात. म्हणून तिनं रंग छपाईच्या सीएमवायके, म्हणजे याच चार शाईंच्या, पद्धतीत बघावेत, अंधार तिला वाटतो त्यापेक्षा एक पायरी उजळ ठेवावा आणि प्रकाशकाकडे छापील प्रूफ मागावं. कडेला ब्लीडची, म्हणजे पान कापताना जाणाऱ्या पट्टीची, जागा सोडायची आणि मधल्या घडीत चेहरा येऊ द्यायचा नाही. 32 पानं म्हणजे 16 पानांचे दोन फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेले गठ्ठे). त्यातली सुरुवातीची काही पानं शीर्षक आणि श्रेयनामावलीत जातात, तेव्हा गोष्टीला तेरा-चौदा जोडपानं मिळतात. आधी काडेपेटीएवढ्या चौकटींत सगळं पुस्तक मांडायचं, मग साध्या कागदाची डमी शिवून पानं उलटून बघायची. इन्स्टाग्रामवर प्रत्येक चित्र सुटं असतं. इथे गोष्टीतली एकच मुलगी 32 पानं तीच दिसली पाहिजे, तेच नाक, तीच वेणी, तोच परकर. नव्या चित्रकारांची खरी दमछाक इथे होते.

बाबांची बारावीची काळजी रास्त आहे, तिच्यावर उपाय वेळापत्रकाचा आहे. प्रकाशकाला सरळ लिहा की बोर्डाची परीक्षा मार्चपर्यंत आहे. कच्ची रेखाटनं आधी आणि रंगीत चित्रं परीक्षेनंतर. बहुतेक संपादक हे समजून घेतात. एखादा नाहीच म्हणाला, तर हे पुस्तक सोडावं. दुसरं येईल.

पुढच्या शिक्षणासाठी कॉमर्सची अडचण नाही. आणि तुम्ही ज्या गावात राहता तिथे याची मोठी परंपरा आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 मध्ये सुरू झाली. इंदूरचे चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे तिथे सुरुवातीपासून शिकवत होते. के. जी. सुब्रमण्यन यांनी तर तिथल्या फाइन आर्ट्स फेअरसाठी मुलांची पुस्तकं आणि खेळणी केली. म्हणजे थोर चित्रकाराला मुलांचं पुस्तक कमी प्रतीचं वाटलं नाही, हे बाबांना जरूर सांगा. तिथला चार वर्षांचा बीव्हीएचा (बॅचलर ऑफ व्हिज्युअल आर्ट्स, दृश्यकलेची पदवी) अभ्यासक्रम बघा, त्यातही अप्लाइड आर्ट्स, म्हणजे उपयोजित कला. प्रवेशाआधी अभियोग्यता चाचणी असते. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) परीक्षा दोन टप्प्यांत होते, आणि आयआयटीच्या बी. डिझाइनसाठी जानेवारीत यूसीड ही प्रवेश परीक्षा असते. दोन्ही कुठल्याही शाखेच्या मुलांना खुल्या आहेत. अर्जाची मुदत परीक्षेच्या आधीच संपते, ती तारीख चुकवू नका. माझा कल विचाराल तर बडोदं. घर जवळ, खर्च कमी, आणि चित्रकथेला लागणारा रेखाटनाचा पाया तिथे घट्ट होतो. या परीक्षांत भुतांच्या चित्रांवर भागत नाही. माणसं, हात, गर्दी, सायकल, बाजार हे समोर बसून काढता आलं पाहिजे. तिनं रविवारी वही घेऊन मांडवीला बसावं, रावपुऱ्यात तांबेकर वाड्याची भित्तिचित्रं बघावीत, कमाटीबागेतल्या संग्रहालयात जावं. वाड्याचा जिना, बुटकी दारं, कोनाडे लहान मुलाच्या उंचीवरून कसे दिसतात ते काढावं, पुस्तकालाही उपयोगी पडेल.

पोट भरण्याबद्दल खरं सांगते. फक्त मुलांच्या पुस्तकांच्या चित्रांवर घर चालवणारे आपल्याकडे थोडे आहेत. बहुतेक जण पाठ्यपुस्तकं, मासिकं, जाहिराती, अॅनिमेशन, शिकवणं यांची जोड देतात. म्हणूनच तिचं कॉमर्स वाया जाणार नाही. बिल लिहिणं, हिशेब ठेवणं, कराराची कलमं वाचणं हे किती चांगल्या चित्रकारांना जमत नाही ते मी जवळून पाहिलं आहे.

आणि इथे बाबांनी पुढे यावं असं मला मनापासून वाटतं. तिच्या नावानं पॅन कार्ड काढा, अल्पवयीनांसाठीही पालकांना अर्ज करता येतो. तिच्या नावानं बँकेत खातं उघडा. अज्ञान मुलाचं उत्पन्न एरवी पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, पण स्वतःच्या कौशल्यावर कमावलेल्या पैशाला त्यातून सूट आहे. ते तिचं उत्पन्न म्हणूनच धरलं जातं. पहिलं बिल बाबांनी तिच्या शेजारी बसून तिच्याकडून लिहून घ्यावं. मसुदा हाती आला की हक्कांचं आणि हप्त्यांचं कलम मला लिहून पाठवा, मी नक्की वाचेन.