गॅस भरायची घाई नको

प्रश्न : फ्रिज दिवसभर घरघरतो, थांबतच नाही. दाराच्या कडेला पाणी सुटतं. मेकॅनिक म्हणतो, गॅस भरावा लागेल. भरू का?

उत्तर : थांबा जरा. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, वापरून संपत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक मला तरी पटत नाही. कडेला पाणी म्हणता, म्हणून माझा संशय दाराच्या रबरावर. कागदाची पट्टी मध्ये धरून दार लावा आणि ओढा. अलगद निसटली, तर तिथूनच दमट हवा आत शिरतेय. रबराच्या घड्या कोमट साबणपाण्याने पुसा. खालच्या कोपऱ्यात हमखास काळा, चिकट थर सापडेल. तरीही निसटली, तर रबर बदला. मागे उघडी जाळी असेल तर प्लग काढून तिची धूळही झाडा.