माझं इंग्रजी इतकं वाईट आहे का?

प्रश्न : मी साताऱ्याची निवृत्त शिक्षिका. परदेशातल्या नातवाला संगणकावर बोलून इंग्रजी पत्रं लिहिते. ‘पार्क’ म्हटलं की ‘बार्क’ उमटतं, ‘व्हेस्ट’चं ‘वेस्ट’ होतं. माझं इंग्रजी इतकं वाईट आहे का?

उत्तर : अजिबात नाही, बाई! इंग्रजांचा शब्दारंभीचा ‘प’ हवेचा झोत घेऊन येतो, आपला कोरडा असतो. त्यांच्या आवाजांवर शिकलेल्या यंत्राला तो ‘ब’ वाटतो. व्ही आणि डब्ल्यू तर आपण एकाच ‘व’मध्ये बसवतो. उणीव यंत्राच्या शिक्षणात आहे, तुमच्या नव्हे.

गूगल डॉक्स वापरत असाल तर क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा. माइकच्या चौकटीवर भाषांची यादी असते. तिथे इंग्लिशमधलं ‘इंडिया’ निवडा. माझ्या आईच्या संगणकावर मी हेच केलं, तेव्हापासून तिला एकेक शब्द तीन-तीनदा उच्चारावा लागत नाही. आणखी एक, शब्द तोडून बोलू नका. ‘वी वॉक्ड इन द पार्क’ असं सलग म्हटलंत, तर मागच्या शब्दांवरून यंत्र ‘पार्क’ ओळखतं.

त्याच यादीत मराठीही आहे. नातवाला वाचता येत असेल, तर एखादं पत्र तसंही बोलून पाहा.