आंबवलेल्या सोयाबीनमधले उपयोगी घटक पोटात जास्त सुटतात का, की उकडलेल्या सोयाबीनचंही तेच होतं?

फरक पडतो. सहा वर्षं घरात हेच सांगतेय.

आम्ही परळला एकत्र राहतो. एका पावसाळ्यात मी टेंपे, म्हणजे बुरशीने आंबवलेली सोयाबीनची वडी, लावलं होतं. सोयाबीन रात्रभर भिजवलं, सालं चोळून काढली, उकडून पंख्याखाली कोरडं केलं आणि ऱ्हायझोपस बुरशीचं विरजण लावून दादरहून आणलेल्या केळीच्या पानांत बांधलं. तीसेक अंश ऊब लागते, ती मुंबईत आयतीच असते. दीड दिवसात दाण्यांभोवती पांढरं जाळं धरलं, सुरीने कापता येईल अशी घट्ट वडी झाली. कडेला दोन काळपट ठिपके होते. ते त्याच बुरशीचे बीजाणू. संध्याकाळी कामावरून आले तर ओटा रिकामा. जाऊबाईंनी सगळं कचऱ्यात टाकलं होतं. "बुरशी काय खायची? उसळ कर. पोटात गेल्यावर सगळं एकच."

ज्या घरात रोज रात्री दुधाला विरजण लागतं, तिथे हे ऐकावं लागलं!

एकच नसतं. सोयाबीनमधले हे उपयोगी घटक म्हणजे आयसोफ्लेव्होन्स. त्यातली जेनिस्टीन, डेडझीन बहुतेक साखरेला जोडलेली असतात. ती साखर सुटल्याशिवाय आतडं त्यांना आत घेत नाही. आंबवताना बुरशीचं बीटा-ग्लुकोसिडेज हे एन्झाइम ती तोडतं, म्हणजे पचनाचं थोडं काम ओट्यावरच उरकतं. मिसोमध्ये, म्हणजे सोयाबीनच्या जपानी आंबवलेल्या लगद्यात, हेच काम कोजी बुरशी करते. शिवाय दाणा मऊ पडतो, प्रथिनंही थोडी आधीच फुटतात.

उसळीतली साखरही सुटते. लहान आतड्यातली एन्झाइम्स आणि पुढचे जिवाणू ती तोडतात. त्यामुळे जाऊबाई अगदीच चुकल्या नव्हत्या, आणि एकूण शोषण किती वाढतं यावर प्रयोगांचं एकमत नाही. डेडझीनपासून इक्वॉल नावाचं संयुग बनवणारे जिवाणूही सगळ्यांच्या पोटात नसतात. जपानमध्ये साधारण निम्म्या लोकांत असतात, पाश्चात्त्य देशांत त्याहून कमी. थायरॉइडची गोळी घेत असाल तर सोयाबीन आणि गोळी यांत काही तासांचं अंतर ठेवा, डॉक्टरांना विचारून.

टेंपे लावणार असाल तर घरातल्यांना आधी ते पांढरं जाळं दाखवून ठेवा, आणि कच्चं न खाता परतून किंवा तळून खा. हिरवे-गुलाबी डाग, चिकटपणा, सडका वास आला तर मात्र टाकाच. माझ्या पानांत यातलं काहीही नव्हतं.