विचारा की! : गाणं ऐकू की जर्नल लिहू?

प्रश्न : बाई, मी आजरा तालुक्यातली. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, कोल्हापुरात शिवाजी पेठेत कॉटबेसिसवर राहते. आमच्या घरात भजन आहे, मीही गाते. इथं रोज संध्याकाळी काहीतरी असतंच, कुठं गाण्याची बैठक, कुठं हलगी. अभ्यास मागं पडलाय. बाबा विचारतात, ‘कॉलेजला पाठवलंय का गाणी ऐकायला?’ पेठ सोडून विद्यापीठाकडं रूम बघू का? आणि शास्त्रीय गाणं शिकायला अठराव्या वर्षी उशीर झाला का?

उत्तर : रूम अजिबात बदलू नकोस. विद्यापीठाकडं सागरमाळाला शांतता आहे, मान्य. पण तिकडं गेलीस तरी संध्याकाळी पाय गाण्यासाठी इकडं खासबागेकडंच वळणार, वर केएमटी बसचा खर्च आणि रात्री परतायचा घोर. पेठेतला दणका काही बारमाही नसतो. गणपती, शिवजयंती, एखाद्या तालमीची मिरवणूक. रात्री दहाला स्पीकर बंद असा नियम आहे, बारापर्यंतची सवलत वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. (पाळतात किती, ते तुला पेठेत राहून मी सांगायला नको.) तेवढे दिवस गावाकडं जा नाहीतर मैत्रिणीकडं अभ्यासाला.

तुझी अडचण आवाजाची नाहीच, अगं. तुला कुठलीच संध्याकाळ सोडवत नाही, ही आहे. मी जन्मभर रसायनशास्त्राची प्रॅक्टिकलं घेतली. गाणाऱ्या पोरी मला लांबनं ओळखू यायच्या. टायट्रेशन चाललेलं असतं, बाईसाहेब गुणगुणतायत, फिकट गुलाबी व्हायला हवं ते पार राणी कलरचं झालं तरी ब्युरेटची तोटी चालूच. मग रीडिंग शेजारणीचं. असलं जर्नल सही करणाऱ्याला लगेच कळतं, एवढं ध्यानात ठेव. पहिलं ते पूर्ण कर. ज्या दिवशी प्रॅक्टिकल, त्याच रात्री लिहून टाकायचं, मग बाहेर पडायचं.

आता उशिराचं. गायक मल्लिकार्जुन मन्सूर ग्वाल्हेर गायकी शिकून, रेकॉर्ड निघून, नावारूपाला आलेले होते. तरी पंचविशीत मंजीखाँकडं पुन्हा शिष्य म्हणून बसले. मंजीखाँ 1937 ला गेले, मग त्यांचे धाकटे भाऊ भूर्जीखाँ, जे आपल्या कोल्हापुरात राहायचे, त्यांच्याकडं शिकले. दोघांचे वडील अल्लादियाखाँ, शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. त्यांचा तर तरुणपणी आवाजच गेला होता. जो आवाज उरला त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी बांधली, तीच पुढं जयपूर-अत्रौली म्हणून गाजली. तेव्हा अठराचं काय घेऊन बसलीस! भजनात वरच्या पट्टीत ताणून गायची सवय असेल, तर ती मोडायला मात्र वेळ लागेल. जे गुरुजी पहिल्याच दिवशी रागाची बंदिश देतील त्यांच्याकडं जाऊ नकोस. जे आधी तुझी पट्टी ठरवतील, नुसता सा लावायला लावतील आणि तुला कंटाळा आणतील, त्यांच्याकडं जा.

आठवड्यात दोन संध्याकाळी शिकायला, एक ऐकायला, बाकीच्या पुस्तकाला. ऐकायला देवल क्लबात जा. 1883 पासूनची गाण्याची संस्था आहे. तिथं पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांकडं बघत जा. तानेला सगळेच माना डोलावतात, पण हे लोक समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी कुठं गप्प होतात ते बघितलंस तर निम्मं शिक्षण फुकटात होतं. केशवराव भोसले नाट्यगृह तुझ्या वाट्याला आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारलेलं, ऑगस्ट 2024 मध्ये आगीत गेलं, तेही गायकनट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही शाळकरी पोरी तिथं मागं उभ्या राहून नाट्यपदं ऐकायचो. असो.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा फॉर्म यंदा भरू नकोस. त्या एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरला असतात, तुझ्या सेमिस्टरच्या बोकांडी. युवा महोत्सवाच्या समूहगीतात मात्र बिनधास्त नाव दे. फक्त तालमीला गेलेल्या तासांचं पत्र सांस्कृतिक विभागाकडनं लेखी घेऊन ठेव. ‘सर म्हणाले होते’ यावर हजेरी लागत नाही.

आणि बाबांशी वाद कशाला घालतेस? घरात भजन त्यांनीच ठेवलंय ना? सुट्टीला जाशील तेव्हा सही झालेलं जर्नल पुढं ठेव आणि रात्री भजनाला त्यांच्या शेजारी बस. सकाळच्या रियाजाचं आधी घरमालकीणबाईंना आणि रूममधल्या पोरींना विचारून घे. मोबाईलवरचा तानपुरा हेडफोनमध्ये लावला तरी तुझा सा सगळ्यांना ऐकू जाणारच.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहिते. मुलगा कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे. ढोल-ताशा पथकात गेलाय, हाताला फोड घेऊन घरी येतो. बिघडेल का?

उत्तर : फोडानं कुणी बिघडत नाही, ताई. पथकाचा सराव किती वाजता सुटतो आणि त्यानंतर पोरगं कुठं असतं, तेवढं विचारा. सरावाला जेवून जातो का तेही. आणि कानात घालायची बुचं मेडिकलमध्ये मिळतात, ती घेऊन द्या. घालणार नाही म्हणेल. पथकातल्या एखाद्या जुन्या वादकाला बोलावून चहा पाजा आणि हळू आवाजात काहीतरी विचारा. तो दोनदा ‘काय?’ म्हणाला, की पोरगं आपणहून घालेल.